माघारी वळलेले विमान : इंजिन बंद पडते तेव्हा नेमके काय होते?

साईबाबांच्या समाधी शताब्दीच्या निमित्ताने १ ऑक्टोबर २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते काकडी येथील शिर्डी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि नगर जिल्हा (२०२४ मध्ये अहिल्यानगर असे नामांतर झालेला) देशाच्या प्रवासी विमानसेवेच्या नकाशावर आला. काकडी हे कोपरगाव तालुक्यातील गाव. मुंबई आणि हैदराबादच्या उड्डाणांनी सुरुवात झाली, पुढे दिल्लीसह अन्य शहरेही जोडली गेली. त्यामुळे पूर्वी मुंबई-पुण्याच्या वाचकांपुरती राहणारी एक बातमी आता कोपरगाव-राहात्याच्या घरांतही काळजीने वाचली जाते : 'इंजिनात बिघाड, विमान माघारी, सर्व प्रवासी सुखरूप.'

चार-पाच ओळींच्या या बातमीत बहुधा विमानाचा क्रमांक, प्रवाशांची संख्या आणि कंपनीची दिलगिरी एवढेच असते. वाचकाच्या मनातला खरा प्रश्न अनुत्तरित राहतो. एक इंजिन गेल्यावर ते विमान पडण्याच्या किती जवळ होते? याचे सर्वसाधारण उत्तर 'फारसे जवळ नव्हते' असे आहे. मात्र या उत्तराला अपवाद आहेत, आणि त्यांतील एक अत्यंत दारुण अपवाद मुंबईच्याच सांताक्रूझ विमानतळावर घडलेला आहे. इंजिनाचे बंद पडणे सहसा घातक का नसते आणि कधी घातक ठरते, हे त्या अपवादावरूनच उत्तम समजते.

बंद पडणे आणि बंद करणे

वृत्तपत्रांतून 'इंजिन बंद पडले' असे लिहिण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात बहुतेक घटनांत इंजिन आपोआप बंद पडलेले नसते. वैमानिकाने ते विचारपूर्वक बंद केलेले असते. तेलाचा दाब घटणे, कंपने वाढणे, बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाणे, यांपैकी कोणतीही सूचना कॉकपिटमधील पडद्यावर आली की तक्त्याप्रमाणे इंजिनाची ताकद कमी केली जाते आणि लक्षण कायम राहिल्यास ते बंद केले जाते. चालू ठेवले असते तर कदाचित ते गंतव्य स्थानापर्यंत टिकलेही असते. पण त्या 'कदाचित'वर प्रवासी घेऊन उडता येत नाही.

दुसरा प्रकार प्रवाशांना अधिक भेडसावणारा असतो. इंजिनातून तोफेसारखे धडाके ऐकू येतात, शेपटीकडून ज्वाला निघताना दिसते, विमान हादरते. कॉम्प्रेसरमधून मागे जाणारा हवेचा प्रवाह बिघडून क्षणभर उलट फिरला की असे होते. पाती तुटल्याने, पक्षी आत गेल्याने किंवा झीज झाल्यामुळेही हे घडते. देखावा भयंकर असला तरी ती आग बहुधा इंजिनाच्या नळकांड्यातच, म्हणजे जिथे एरवीही ज्वलन चालते त्याच वाटेवर असते. इंजिनाच्या बाहेर, इंधनवाहिन्या आणि तारांच्या जंजाळात लागणारी आग ही निराळी गोष्ट होय.

दोन इंजिनांच्या प्रवासी जेट विमानाची रचनाच अशी असते की ऐन उड्डाणाच्या वेळी एक इंजिन गेले तरी दुसऱ्याच्या बळावर त्याने वर चढलेच पाहिजे. धावपट्टीवर वेग घेताना 'व्ही-वन' नावाचा एक निर्णयवेग असतो. त्याआधी बिघाड झाला तर विमान थांबवायचे; तो ओलांडल्यावर झाला तर उडायचे. त्या वेगानंतर थांबण्याचा प्रयत्न करणे हे उडण्यापेक्षा अधिक धोक्याचे, कारण पुढे उरलेली धावपट्टी पुरत नाही. उडाल्यावर चाके आत घेतल्यानंतर एका इंजिनावर दर १०० मीटर अंतरामागे किमान २.४ मीटर चढण साधता आली पाहिजे, असा दोन इंजिनांच्या विमानांसाठी प्रमाणीकरणाचा दंडक आहे. उष्ण दुपारी आणि पूर्ण भाराने हे साधत नसेल, तर प्रवासी किंवा सामान कमी करून मगच उड्डाण करावे लागते. उन्हाळ्यात कधीकधी सामान मागाहून येते, त्यामागे हेही एक कारण असते.

यासाठी वैमानिकांना नियमितपणे सिम्युलेटरमध्ये बसवून नेमका हाच प्रसंग पुन्हा पुन्हा घडवला जातो. अनेक वैमानिकांच्या संपूर्ण सेवेत प्रत्यक्षात एकदाही इंजिन जात नाही; सराव मात्र शेकडो वेळा झालेला असतो.

१२ ऑक्टोबर १९७६

इंडियन एअरलाइन्सने जेट युगात पाऊल टाकले ते १९६४ मध्ये, फ्रेंच बनावटीच्या कॅरॅव्हेल विमानांसह. रोल्स-रॉइसची दोन एव्हन इंजिने शेपटीजवळ, दोन्ही बाजूंना बसवलेली असल्यामुळे या विमानाची प्रवासी केबिन त्या काळाच्या मानाने विलक्षण शांत असे. इंजिने विमानाच्या मध्यरेषेजवळ असल्याने एक बंद पडले तरी विमान एका बाजूला फारसे ओढले जात नसे. हा त्या रचनेचा मोठा गुण मानला जाई.

१२ ऑक्टोबर १९७६ रोजी मध्यरात्र उलटल्यावर मुंबईहून मद्रासला जाणारी इंडियन एअरलाइन्सची १७१ क्रमांकाची सेवा निघाली. या उड्डाणासाठी मूळ बोइंग ७३७ विमान नेमलेले होते. त्याच्या इंजिनात दोष आढळल्याने ते बाजूला ठेवण्यात आले आणि त्याऐवजी व्हीटी-डीडब्ल्यूएन या नोंदणीचे कॅरॅव्हेल लावण्यात आले. सदोष इंजिनाचे विमान उडवायचे नाही, हा निर्णय अर्थातच योग्य होता. प्रवाशांना त्या बदलीतून मिळाले ते मात्र आत तडा दडलेले दुसरे इंजिन.

विमानात ८९ प्रवासी व ६ कर्मचारी होते. परदेशातील कार्यक्रम आटोपून परतणारी मल्याळम चित्रपटांची तरुण अभिनेत्री राणी चंद्रा आणि तिची आई व बहिणी त्यांत होत्या.

उड्डाणानंतर थोड्याच वेळात उजवे इंजिन निकामी झाले. वैमानिकांनी विमान वळवले आणि सांताक्रूझकडे परतीचा मार्ग धरला. येथपर्यंतचे सारे सरावातल्यासारखेच होते : दुसरे इंजिन चालू, विमानतळ डोळ्यांसमोर, उतरण्याची परवानगी. प्रत्यक्षात इंजिन नुसते थांबले नव्हते. कॉम्प्रेसरच्या दहाव्या टप्प्यातील धातूची चकती फुटली होती. तिचे तुकडे इंजिनाचे कवच भेदून बाहेर पडले आणि त्यांनी इंधनवाहिन्या तोडल्या. गळणाऱ्या इंधनाने पेट घेतला. ही आग इंजिनाच्या नळकांड्यातली नव्हती. ती बाहेरची, विमानाच्या अंगाला लागलेली आग होती.

कॅरॅव्हेलची सुकाणू-पृष्ठे, म्हणजे विमान वर-खाली नेणारी आणि कलवणारी फळकुटे, हायड्रॉलिक द्रवाच्या दाबावर हलत. तपासाचा निष्कर्ष असा की, आगीत हा द्रव नष्ट झाला आणि उतरण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात, सुमारे तीनशे फूट उंचीवर, विमानावरचे नियंत्रणच गेले. धावपट्टीच्या अलीकडे विमान नाकावर कोसळले. सर्वच्या सर्व ९५ जण मृत्युमुखी पडले.

शेपटीजवळच्या इंजिनांचा जो गुण वर सांगितला, त्याचीच ही दुसरी बाजू. इंजिन मध्यरेषेजवळ म्हणजे शेपटीच्या सुकाणूजवळ, त्यांना दाब पुरवणाऱ्या नळ्यांजवळ. ते निमूटपणे बंद पडले तर सोयीचे. फुटले तर मात्र शेजारी जे जे असेल ते सारे त्याच्या माऱ्यात.

या अपघातात वैमानिकांनी काय करायला हवे होते, असा प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ नाही. आग लागलेले विमान शक्य तितक्या लवकर जमिनीवर आणणे हेच योग्य, आणि ते तेच करीत होते. त्यांना वेळ पुरला नाही. त्या रात्रीचा निकाल कॉकपिटमध्ये लागलेला नसून पुष्कळ आधी, एका धातूच्या चकतीच्या आत लागलेला होता.

धातूचा थकवा

लोखंडी तार हातात घेऊन पुन्हा पुन्हा वाकवली की ती अखेर तुटते, हा अनुभव सर्वांना असतो. एकदा वाकवून ती तुटत नाही, पण प्रत्येक वेळी आतल्या आत सूक्ष्म तडा वाढत जातो. यालाच धातूचा थकवा म्हणतात. जेट इंजिनातील चकत्या मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगाने फिरतात आणि त्यांच्या कडेवर बसवलेली पाती बाहेर निसटू पाहतात. प्रत्येक उड्डाणात इंजिन चालू होते, पूर्ण ताकदीला जाते, पुन्हा थंड होते. चकतीच्या हिशेबात हे एक आवर्तन. त्यामुळे तिचे आयुष्य वर्षांत न मोजता आवर्तनांत मोजतात, आणि ठरलेली संख्या भरली की चकती कितीही ठाकठीक दिसत असली तरी मोडीत काढावी लागते.

एवढी कडक शिस्त का? कारण चकती फुटली तर तिला अडवणारे कवच विमानावर बसवता येत नाही. एखादे पाते तुटले तर ते कवचाच्या आतच राहिले पाहिजे, अशी चाचणी प्रत्येक नव्या इंजिनाची घेतली जाते. त्यासाठी चालू इंजिनातील पाते मुद्दाम स्फोटाने तोडतात. पण संपूर्ण चकतीचा तुकडा एवढ्या ऊर्जेने सुटतो की त्याला रोखण्याइतके जाड कवच केले तर विमान उडणारच नाही. म्हणून चकती फुटूच द्यायची नाही हा एक उपाय, आणि फुटलीच तर तिच्या तुकड्यांच्या वाटेत सगळ्या महत्त्वाच्या नळ्या-तारा एकत्र येऊ द्यायच्या नाहीत हा दुसरा. पहिला उपाय कार्यशाळेत अमलात येतो, दुसरा आराखडा काढणाऱ्याच्या मेजावर.

सांताक्रूझनंतर तेरा वर्षांनी हीच गोष्ट अमेरिकेत अधिक मोठ्या प्रमाणावर दिसली. १९ जुलै १९८९ रोजी युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाच्या शेपटीतील इंजिनाची पंख्याची चकती आकाशात फुटली आणि तुकड्यांनी एकमेकींना पर्याय म्हणून ठेवलेल्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा एकदमच निकामी केल्या. टायटॅनियमच्या त्या चकतीत घडणीच्या वेळीच दोष राहिला होता आणि त्यातून वाढलेला तडा तपासणीत नजरेतून सुटला होता. वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांची ताकद कमी-अधिक करीत विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. विमानातील २९६ पैकी ११२ जणांचा मृत्यू झाला. १८४ वाचले, हेच आश्चर्य मानले गेले.

आणि ४ नोव्हेंबर २०१० रोजी क्वांटासचे ए-३८० विमान सिंगापूरहून सिडनीला निघाल्यावर काही मिनिटांतच त्याच्या एका इंजिनाची टर्बाइनची चकती फुटली. तेलाची एक बारीक नळी सदोष घडवली गेली होती, एवढेच मूळ कारण. तुकड्यांनी पंखाला भोके पाडली, शेकडो तारा तुटल्या, पडद्यावर इशाऱ्यांची रांग लागली. पण या वेळी एखाद्या तुकड्याने सर्वच यंत्रणा नेल्या नाहीत. वैमानिकांनी घाईने उतरण्याऐवजी जवळजवळ दोन तास आकाशात घिरट्या घालत काय शाबूत आहे आणि काय नाही, याची एकेक करून तपासणी केली आणि मग सिंगापूरलाच परत येऊन उतरले. ४६९ जणांपैकी एकालाही इजा झाली नाही. उतरल्यावरही एक इंजिन बंद होईना, तेव्हा अग्निशामक दलाने त्यावर तासन् तास फवारा मारून ते विझवले.

मुंबईच्या वैमानिकांना मिनिटे मिळाली नाहीत आणि सिंगापूरच्या वैमानिकांना दोन तास मिळाले. आग पसरली की नाही, यावर हा फरक ठरला.

चांगले इंजिन बंद होते तेव्हा

यंत्राने दगा दिल्याची ही एक तऱ्हा झाली. दुसऱ्या तऱ्हेत यंत्र पुरेसे शाबूत असते आणि हात चुकतो.

२१ जून २०१७ रोजी गोएअरचे एअरबस ए-३२० विमान दीडशेहून अधिक प्रवाशांना घेऊन दिल्लीहून मुंबईला निघाले. धावपट्टीवर असतानाच उजव्या इंजिनाला पक्षी धडकला आणि कंपने सुरू झाली. उड्डाण झाले. त्यानंतर वैमानिकांनी इंजिन बंद केले, ते डावे, म्हणजे धडधाकट. विमान पक्ष्याने जखमी केलेल्या एकाच इंजिनावर तीन हजार फुटांच्या वर चढत गेले. चूक उमगायला तीन मिनिटांहून अधिक वेळ गेला. मग डावे इंजिन पुन्हा सुरू करण्यात आले आणि विमान दिल्लीला सुखरूप परतले. जखमी इंजिनाने त्या मिनिटांत साथ सोडली असती, तर दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत वेगळाच मथळा असता. तपास यंत्रणेने आपल्या अहवालात इंजिन ओळखण्यातील या चुकीवर स्पष्ट बोट ठेवले आणि दोन्ही वैमानिकांना काही काळ उड्डाणापासून दूर ठेवण्यात आले. प्रवाशांना त्या दिवशी मात्र 'पक्ष्याची धडक, विमान माघारी' एवढेच कळले होते.

अशा चुकीची किंमत ब्रिटनने मोजली आहे. ८ जानेवारी १९८९ रोजी लंडनहून बेलफास्टला जाणाऱ्या ब्रिटिश मिडलंडच्या बोइंग ७३७-४०० विमानात डाव्या इंजिनाचे पाते तुटले. वैमानिकांनी उजवे बंद केले. उजवे बंद करताच योगायोगाने डाव्याची कंपने कमी झाली आणि निदान बरोबर असल्याचा समज पक्का झाला. केगवर्थजवळ उतरण्याच्या ऐन वेळी डाव्याने दम तोडला. १२६ पैकी ४७ जण दगावले. डाव्या बाजूला ठिणग्या पाहिलेले प्रवासी होते, पण कॉकपिटमध्ये कोणी ते विचारले नाही आणि कॉकपिटपर्यंत कोणी ते पोहोचवलेही नाही.

म्हणूनच आजच्या कार्यपद्धतीत घाईला मज्जाव आहे. उड्डाणाच्या वेळी इंजिन गेले तर जमिनीपासून किमान ४०० फूट वर जाईपर्यंत विमान सरळ ठेवणे आणि चाके आत घेणे याखेरीज सहसा काहीच करायचे नाही. मग बिघाड कोणता आणि कोणत्या बाजूचा, हे एकाने उच्चारायचे, दुसऱ्याने पडद्यावर पाहून दुजोरा द्यायचा, आणि तो मिळेपर्यंत इंजिनाच्या कळीला हात लावायचा नाही. बाहेरून पाहणाऱ्याला ही पद्धत संथ वाटेल. पण एका इंजिनावर विमान तासभर उडू शकते. चुकीचे इंजिन बंद केल्यावर ते किती उडेल, याची खात्री कोणी देत नाही.

सत्तावीस मिनिटांचे उड्डाण

बहुसंख्य घटना मात्र १९ मे २०२२ च्या घटनेसारख्या असतात. एअर इंडियाचे ए-३२० निओ विमान सकाळी मुंबईहून बंगळूरुला निघाले. एका इंजिनाच्या उत्सर्जित वायूचे तापमान वाढल्याचा इशारा आला, इंजिन बंद करण्यात आले आणि निघाल्यापासून सत्तावीस मिनिटांत विमान पुन्हा मुंबईच्या धावपट्टीवर होते. प्रवाशांना दुसऱ्या विमानाने पाठवण्यात आले. याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही, आणि तसे नसणे हेच त्याचे महत्त्व.

अशा परतीच्या वेळी जमिनीवर मात्र बरीच धावपळ असते. वैमानिकाने 'मेडे' किंवा त्याहून सौम्य 'पॅन-पॅन' असा संकेत दिला की नियंत्रण कक्ष इतर विमानांना दूर ठेवतो, विमानतळावर गरजेप्रमाणे 'लोकल स्टँडबाय' अथवा 'फुल इमर्जन्सी' जाहीर होते आणि अग्निशामक बंब धावपट्टीलगत ठरलेल्या जागी उभे राहतात. नुकतेच उडालेले विमान इंधनामुळे जड असते. ए-३२० किंवा ७३७ या विमानांना हवेत इंधन सांडून देण्याची सोयच नसते. ती लांब पल्ल्याच्या काही मोठ्या विमानांना असते. सुमारे ७८ टनांनी उडालेल्या ए-३२० साठी उतरण्याची नेहमीची मर्यादा सुमारे ६६ टनांची. अशा वेळी घाई नसेल तर घिरट्या घालून इंधन जाळायचे, घाई असेल तर जड विमानच उतरवायचे आणि नंतर चाके-पंखांची तपासणी करायची. उतरल्यावर बंब विमानामागे धावताना दिसतात ते अनेकदा इंजिनासाठी नसून तापलेल्या ब्रेकसाठी असतात.

इंजिनांच्या नव्या पिढीने प्रश्न संपवले असेही नाही. प्रॅट अँड व्हिटनी कंपनीच्या नव्या इंजिनांतील एका भागाच्या दोषामुळे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मार्च २०१८ मध्ये इंडिगो व गोएअरची मिळून ११ ए-३२० निओ विमाने जमिनीवर बसवली; त्याच दिवशी इंडिगोचे अहमदाबादहून लखनौला निघालेले विमान इंजिन बंद करून परतले होते. नवी इंजिने इंधन वाचवतात, कारण ती अधिक तापमानावर आणि अधिक दाबावर चालतात. त्यांच्या चुका नव्याने शोधाव्या लागतात, एवढाच याचा अर्थ.

दोन्ही इंजिने एकाच वेळी जाणे ही मात्र सर्वस्वी निराळी आपत्ती होय. पुरेशी उंची असेल तर तेव्हाही विमान दगडासारखे पडत नाही. ते तरंगत दूरवर जाऊ शकते. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कजवळ पक्ष्यांच्या थव्याने दोन्ही इंजिने गेल्यावर हडसन नदीत उतरवलेल्या ए-३२० मधील सर्व १५५ जण वाचले. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेल्या एअर इंडियाच्या ड्रीमलायनरला तेवढीही उंची मिळाली नाही. उड्डाणानंतर काही क्षणांतच दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा तोडला गेल्याचे प्राथमिक तपास अहवालात नमूद आहे. विमानातील २४२ पैकी एकच प्रवासी वाचला आणि जमिनीवरील लोकांसह २६० जणांचा बळी गेला. त्या उड्डाणाचा क्रमांकही १७१ होता. १९७६ च्या क्रमांकाशी असलेल्या या साम्यात अर्थ शोधण्याचे कारण नाही, पण ते नजरेतून सुटतही नाही.

काकडीच्या धावपट्टीवरून

काकडीहून निघालेल्या एखाद्या जेटचे इंजिन गेले, तर माघारी वळणे हाच सर्वोत्तम मार्ग असेल का? असेलच असे नाही. तेथील धावपट्टी २५०० मीटरची. मुंबईची मुख्य धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या जवळपास. २५०० मीटरवर ए-३२० किंवा ७३७ एका इंजिनानिशी उतरू शकते. पण जड विमान, ओली धावपट्टी आणि एकाच बाजूचा उलट-झोत एवढे एकत्र आले की हिशेब तंग होतो. आग नसेल, विमान स्थिर असेल, तर वैमानिक मुंबईसारख्या लांब धावपट्टीच्या आणि दुरुस्तीची सोय असलेल्या विमानतळाकडे जाणे पसंत करू शकतो. बातमी तेव्हा 'विमान मुंबईकडे वळवले' अशी येईल आणि कोणी विचारेल, की शिर्डी जवळ असताना मुंबई कशाला?

विमानतळावर धावपट्टी एकच, हीदेखील विचारात घेण्याची गोष्ट. २९ एप्रिल २०१९ रोजी दिल्लीहून आलेले स्पाइसजेटचे बोइंग ७३७-८०० उतरताना धावपट्टीच्या टोकापलीकडे गेले. त्याचा इंजिनाशी संबंध नव्हता, कोणी जखमीही झाले नाही. परंतु ते विमान हटेपर्यंत धावपट्टी बंद राहिली. त्या काळात परतू पाहणाऱ्या कोणत्याही विमानाला काकडीचे दार बंदच होते.

हवामानाचेही तसेच. २०१९ च्या नोव्हेंबरात कमी दृश्यमानतेमुळे शिर्डीची उड्डाणे दिवसेंदिवस रद्द होत राहिली, तेव्हा भाविकांनी व हॉटेलचालकांनी पुष्कळ नाराजी व्यक्त केली. या सावधगिरीमागे परतीचाही हिशेब असतो. जिथून उडायचे तिथे परत उतरण्याइतकी दृश्यमानता नसेल, तर दोन इंजिनांच्या विमानाला एका इंजिनावर तासाभराच्या आत गाठता येईल असा दुसरा, उतरण्यास योग्य विमानतळ आधीच नेमून ठेवावा लागतो. तो नसेल तर उड्डाण नाही. काकडीला रात्रीची विमानसेवा सुरू झाली ती २०२५ मध्ये. तोपर्यंत दिवस मावळल्यानंतर परतण्याचा प्रश्न उद्भवतच नव्हता, आता तो उद्भवतो. धावपट्टी वाढवण्याची चर्चा या परिसरात नेहमी मोठ्या विमानांच्या आणि परदेशी भाविकांच्या संदर्भात होते. परतणाऱ्या विमानाच्या संदर्भात ती क्वचितच ऐकू येते.

आणि पक्षी. विमानतळापासून दहा किलोमीटरच्या परिघात उघड्यावर जनावरे कापणे, सोलणे किंवा पक्ष्यांना आकर्षित करणारा कचरा टाकणे यांस विमान वाहतूक नियमांनी बंदी घातलेली आहे. हा नियम बहुतेक विमानतळांभोवती कागदावर अधिक आणि शिवारात कमी आढळतो. काकडीभोवतीच्या त्या दहा किलोमीटरांत अनेक गावे, वाड्या आणि त्यांचे उकिरडे येतात, आणि तेथील कचऱ्याची व्यवस्था ज्या ग्रामपंचायतींकडे आहे त्यांच्या दप्तरी विमानाचा विषय सहसा नसतो. दिल्लीच्या धावपट्टीवर २०१७ मध्ये जे घडले, त्याची सुरुवात एका पक्ष्यापासूनच झाली होती.